दोन डावे पंख

ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या, असं माझ्याकडून सव्वीस वर्षांत एकदाच झालंय. तेही अगदी सुरुवातीला, दिवे गेलेले असताना, मेणबत्तीच्या उजेडात. कापडाची दुहेरी घडी घातली की एका कात्रीत डावी-उजवी आपोआप निघते, हे शिवणाच्या क्लासला पहिल्या आठवड्यातच शिकवतात. त्यानंतर माझ्या हातून ती चूक पुन्हा झाली नाही. गिऱ्हाइकांना मी हे अभिमानाने सांगतही असे.

आणि गेल्या डिसेंबरात मी एका विमानाला दोन्ही पंख डावे केले.

हे विमान माझ्याकडे आलं कसं, ते आधी सांगते. दिवाळीत ठाण्याचा भाऊ आला, तेव्हा अकरा वर्षांच्या भाच्यासाठी घेतलेलं एक खोकं त्याने बरोबर आणलं होतं. वर पिवळ्या विमानाचं चित्र, तांबडा पंखा, खाली हिरवंगार शेत. पोराने खोकं उघडलं. आत बिस्किटासारख्या पातळ लाकडाचे पाच-सहा तक्ते, उदबत्तीपेक्षा थोड्या जाड काड्या, घडी घातलेला एक मोठा नकाशा, पातळ कागद, प्लास्टिकचा पंखा आणि रबराची एक लांब पट्टी. "आत्या, ह्याची बॅटरी कुठंय?" बॅटरी नाही, रबराला पीळ द्यायचा, असं त्याच्या बाबांनी सांगितल्यावर त्याने पीळ द्यायच्या आधीच रबर मनगटाला गुंडाळून बघितलं, दोन तुकडे तक्त्यातून अंगठ्याने दाबून काढले, दोन्ही मोडले, आणि तो फटाके उडवायला खाली गेला. भाऊबीजेला ते सगळे परत गेले. खोकं माझ्या शिलाई मशिनच्या बाजूला राहिलं.

दिवाळीनंतर आमच्या धंद्यात आठ-दहा दिवस सामसूम असते, लग्नाचे ब्लाउज यायला अवकाश असतो. मी सहज त्यातला एक तक्ता उचलला आणि हात वर गेला. म्हणजे डोळ्यांनी लाकूड बघितलं, हाताने लाकडाएवढा जोर लावला, आणि वजनच नव्हतं. जिना संपला असताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा, तसं काहीसं. खरं सांगायचं तर त्या एका क्षणामुळे मी ह्यात पडले. विमानांचं मला काही नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. आयुष्यभर ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात होते. काकूंचे ब्लाउज माझ्याकडे असतात. मी तक्ता घेऊन खाली गेले, तर काकांनी तो हातात घेऊन नखाने टोचला, कानाजवळ नेऊन वाकवला, आणि म्हणाले, "बाल्सा. किती वर्षांनी." कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत असताना ते अशी विमानं बनवायचे.

हे झाड दक्षिण अमेरिकेतलं, इक्वेडोरमधून जगभर जातं. सहा ते दहा वर्षांत तोडायला येतं. एक घनमीटर बाल्सा साधारण दीडशे-पावणेदोनशे किलो भरतो, सागाच्या जेमतेम पाव. पण काकांनी सांगितलेली मला आवडलेली गोष्ट वेगळीच: बाल्सा आपल्या काटेसावरीच्या नात्यातला आहे. त्याचंही बोंड फुटतं आणि आत तसाच रेशमासारखा कापूस असतो. मी सावरीच्या कापसाच्या उशा भरलेल्या आहेत, त्यामुळे हे झाड मला एकदम माहेरचं वाटायला लागलं. बाल्सा ह्या स्पॅनिश शब्दाचा अर्थ तराफा. १९४७ साली थॉर हायरडाल ह्याच्याच ओंडक्यांच्या तराफ्यावरून पेरूहून निघून १०१ दिवसांनी पॉलिनेशियाच्या बेटाला लागला होता.

समुद्र ओलांडणाऱ्या लाकडाचं मी पहिल्याच संध्याकाळी काय केलं? नकाशाला चिकटवून टाकलं.

नकाशा सपाट पाटावर पसरायचा, त्यावर काड्या ठेवायच्या, टाचण्यांनी धरायच्या, जोडावर डिंक लावायचा. इथवर मला अगदी ब्लाउजचा कागदी कटिंग-तुकडा कापडावर ठेवल्यासारखं वाटलं. टाचण्या तर माझ्या घरात हजार असतात. पहिली टाचणी काडीतून आरपार घातली. काडी उभी चिरली. दुसरी घातली, तीही चिरली. कापडात टाचणी गेली की धागे बाजूला सरतात, पुन्हा जवळ येतात. लाकूड बाजूला सरत नाही. टाचण्या काडीच्या दोन्ही अंगांना तिरक्या खोचून काडीला नुसतं कैचीत धरायचं असतं, हे मला चार काड्या गेल्यावर सुचलं. नकाशावर प्लास्टिक अंथरायचं असतं, हे मात्र सुचलं नाही. सकाळी विमानाची एक बाजू उचलायला गेले तर नकाशाही वर आला. ओढला, तर फाटला. विमानाच्या पोटाला छापील कागदाचा एक लांबट तुकडा, त्यावर एक बाण आणि चारचा आकडा, तसाच राहिला.

पाण्याने भिजवून, नखाने खरवडून मी तो काढायला लागले आणि काडी चेपली. चेप काढायला दाबली, काडी तुटली. मग मी ते सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून काकांकडे नेलं. ऑपरेशन बिघडलेला रोगी घेऊन जावं तसं.

काकांनी चष्मा लावला. "नकाशाच्या कागदाचं वजन किती असेल?"

"काहीच नाही."

"मग काढत का होतीस?"

मला उत्तर देता येईना. वाईट दिसत होतं म्हणून काढत होते. काका उठले आणि त्यांच्या जुन्या डायरीतलं एक कोरं पान फाडून त्यांनी चार रकाने आखले. अनुक्रमांक. नकाशात काय आहे. प्रत्यक्षात काय झालं. निर्णय. "आमच्याकडे ह्याला कन्सेशन म्हणायचे," ते म्हणाले. मला कन्सेशन म्हणजे गिऱ्हाइकं शिलाईत मागतात तेच माहीत. कारखान्यातलं कन्सेशन असं: एखादं छिद्र ठरलेल्या मापापेक्षा केसभर मोठं पडलं, पत्र्यावर ओरखडा आला, तर कामगाराने ते लपवायचं नाही आणि तपासनिसाने आपल्या मनाने पास करायचं नाही. कागद करायचा. नेमकं काय चुकलं, किती चुकलं, कुठे चुकलं. तो कागद आकडेमोड करणाऱ्यांकडे जायचा आणि तीनपैकी एक उत्तर घेऊन परत यायचा: आहे तसं वापरा, दुरुस्त करा, किंवा भंगारात टाका. "विमान कितीही मोठं असू दे, त्याच्याबरोबर ह्या कागदांची फाइल असतेच. चूक नसलेलं विमान मी नोकरीत बघितलं नाही. कागद नसलेली चूक मात्र फार महागात पडते."

पहिल्या ओळीत त्यांनी लिहिलं: पोटाला नकाशाचा कागद. निर्णय: आहे तसं वापरा. दुसऱ्या ओळीत: खालची काडी तुटली. निर्णय: दुरुस्ती.

ही दुरुस्ती मी त्यांच्यासमोर केली, आणि एवढी एकच गोष्ट मला पहिल्या फटक्यात जमली. तुटकी टोकं समोरासमोर टेकवून डिंक लावला तर जोड टिकत नाही. सरळ कापलेल्या काडीच्या टोकाला डिंक धरायला जागाच किती, मुंगीच्या पाठीएवढी. दोन्ही टोकं तिरकी कापायची, लांब तिरकी, काडीच्या जाडीच्या सहा-सातपट, आणि एकावर एक निजवायची. मी पातं हातात घेतलं आणि थांबले. उरेब पट्टी जोडताना आपण हेच करतो. गळ्याला लावायची पट्टी सरळ जोडली तर तिथे गाठ येते, तिरकी जोडली तर शिवण पसरते आणि दिसत नाही. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग तुला येतंच आहे की." दोन्ही तिरक्या काठांवर काडीने डिंक लावला, टाचण्यांमध्ये धरलं, बाहेर आलेला थेंब ओल्या बोटाने पुसला. दुसऱ्या दिवशी वाकवून बघितलं तर जोड सोडून काडी कमानीसारखी वाकली.

त्यामुळे मला जरा शेफारल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात विमानाच्या दोन्ही बाजू तयार झाल्या, त्यांच्यामध्ये आडव्या काड्या घातल्या, पुढची तोंडं जवळ आणली, आणि वरून बघितलं तर विमान केळ्यासारखं एका अंगाला वाकलं होतं. मापं सगळी बरोबर. पट्टीने दहा वेळा मोजलं. काकांनी मोजलं नाही. उरलेल्या काड्यांतल्या दोन घेऊन त्यांनी त्या टेबलाच्या कडेबाहेर अर्ध्या धरल्या आणि टोकांवर एकेक टाचणी ठेवली. एक काडी खाली झुकली, दुसरी ढिम्म. एकाच खोक्यातलं, एकाच रंगाचं लाकूड, पण एक काडी भेंडीसारखी कोवळी आणि दुसरी बांबूची बहीण. बाल्सात इतका फरक असतो की एका तक्त्याचं वजन शेजारच्या तक्त्याच्या दुप्पट निघू शकतं. माझ्या विमानाच्या एका बाजूला कोवळ्या काड्या लागल्या होत्या, दुसऱ्या बाजूला कठीण. दोन्हींना सारखं वाकवलं की कठीण बाजू जिंकते.

हे मला कळायला हवं होतं. एकाच रंगाचं कापड दोन वेगळ्या ताग्यांतून घेतलं तर धुतल्यावर एक बाही आखडते आणि एक नाही, हे मी बायकांना रोज सांगते. तुकड्यांच्या जोड्या आधी लावायच्या असतात. असो. तिसरी ओळ: केळं. निर्णय: दुरुस्ती. कठीण बाजूचा पुढचा अर्धा भाग कापून तिथे कोवळी काडी तिरक्या जोडाने बसवली. केळं गेलं. थोडं गेलं नाही, काकडीएवढं राहिलं. चौथी ओळ: काकडी. आहे तसं वापरा.

ह्याच्यानंतर पंख.

पंखाचं काम देखणं असतं. पुढची काडी, मागची काडी, आणि त्यांच्यामध्ये सात-आठ बरगड्या, खालून सपाट, वरून गोलावा. नकाशात पंख एकच काढला होता, डावा. मी तो बांधला. ह्या वेळी प्लास्टिक अंथरलं होतं, साडीच्या कव्हरचं. टाचण्या कैचीत. जोड स्वच्छ. मग पाटावरून तो उचलला, त्याच नकाशावर पुन्हा काड्या मांडल्या आणि दुसरा बांधला. तो पहिल्यापेक्षा सुबक झाला. दोन्ही शेजारी ठेवले आणि बघत राहिले. दोघांचीही गोल टोकं डावीकडे.

दुसरा उचलून उलटा केला. टोक उजवीकडे आलं, पण गोलावा खाली गेला. शेपटाकडून फिरवला. गोलावा वर राहिला, पण पुढची काडी मागे गेली. पुन्हा उलटा केला. साध्या कापडाला सुलट-उलट नसेल तर चुकलेली बाही पालथी घालून वेळ मारून नेता येते. पंखाला पोट आणि पाठ असते. मग नकाशाच्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात, इंग्रजीत लिहिलेलं वाक्य मी पहिल्यांदा नीट वाचलं: उजव्या पंखासाठी कागदाला तेल लावा. हे मी आधीही वाचलं होतं, आणि डिंक चिकटू नये म्हणून काहीतरी असेल, असं समजून सोडून दिलं होतं. तेल लावलं की कागद भज्यांच्या पुडीसारखा आरपार दिसतो. मग तो पालथा करायचा आणि मागून दिसणाऱ्या रेघांवर उजवा पंख बांधायचा. कापडाची दुहेरी घडी, दुसरं काय.

त्या रात्री मी सुबक पंख केराच्या डब्याशेजारी ठेवला. डब्यात नाही टाकला, शेजारी ठेवला. सव्वीस वर्षं शिवणकाम करणारी बाई, आणि दोन डावे पंख. सकाळी काका दूध आणायला निघाले होते, त्यांना जिन्यातच गाठून सांगितलं. ते हसले नाहीत. वर आले, दोन्ही पंख टेबलावर ठेवायला सांगितले, आणि दुसरा पंख बोटाने हळूच टेबलावरून उजवीकडे सरकवला. फिरवला नाही, उलटा केला नाही. नुसता सरकवला.

"पुढची काडी कुठंय?"

"पुढे."

"गोलावा?"

"वर."

"मग चूक किती उरली?"

मी बघत राहिले. हा पंख इथून तिथून एकाच रुंदीचा होता. तो उजव्या बाजूला नेला की फक्त एवढंच चुकत होतं, की गोल टोक विमानाच्या अंगाला लागत होतं आणि अंगाला लागायची बरगडी बाहेर राहत होती. टोक म्हणजे सपाट फळीचा एक चंद्रकोरीसारखा तुकडा. ते कापायचं, पालथं करायचं आणि दुसऱ्या टोकाला लावायचं. पंख अंगापासून वर उचललेले असावेत म्हणून अंगालगतची बरगडी जराशी कलती असते, ती काढून नव्या बाजूला कलती बसवायची. पाऊण तासाचं काम. पंख निमुळता असता तर नाइलाज होता. मी पंखाच्या डावेपणाकडे बघत होते. काका डावा-उजवा ह्यात फरक कुठे-कुठे आहे, तेवढंच मोजत होते.

टोक कापताना त्यांनी मला मॉस्किटो विमानाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं लाकडी विमान. त्याच्या अंगाला दोन पातळ प्लायवुडांमध्ये बाल्साचं अस्तर होतं, अस्तर हा माझा शब्द, आणि ते लाकडी फर्निचर करणाऱ्या कारखान्यांतूनही बनायचं. त्याचं अंग उभं दोन अर्धांत बनवत, डावा आणि उजवा, आतली तारा-नळ्यांची जोडणी उघड्यावरच करत, आणि मग दोन्ही अर्धे मिटवत. "दोन डावे झाले असतील का हो कधी?" मी विचारलं. "कागद सापडला तर कळेल," काका म्हणाले.

आठवी ओळ: दुसरा पंख डावा. निर्णय: दुरुस्ती. ह्या ओळीखाली काकांनी स्वतःची सही केली. आधीच्या ओळींखाली केली नव्हती.

आता नवव्या आणि दहाव्या ओळीच्या मध्ये जे घडलं ते. दुरुस्त केलेल्या पंखाची कड सँडपेपरने घासताना मी जरा जास्त दाबलं आणि आतल्या मुख्य काडीत टिक असा आवाज झाला. केसाएवढी चीर. उजेडात धरली तर दिसे, नाहीतर नाही. डिंकाचा एक थेंब सोडला, बोटाने दाबून धरलं. कागदावर लिहिलं नाही. का नाही लिहिलं? नुकतीच सही झाली होती. पुन्हा खाली जाऊन सांगायचा कंटाळा आला, हेही खरं आणि लाज वाटली, हेही खरं.

मग कागद चढवणं. खोक्यातला कागद दोन पंखांना पुरला, शेपटाला पुरला, अंगासाठी मी येवल्याहून आलेला पतंगाचा ताव वापरला. संक्रांत जवळ आल्यामुळे बाजारात हवे तेवढे रंग होते. कागदालाही कापडासारखा ताणा असतो. फाडून बघायचं, ज्या दिशेला सरळ रेषेत फाटतो तो ताणा, आणि तो पंखाच्या लांबीला लागला पाहिजे. ह्यात मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पाणी घातलेला डिंक कडेने लावायचा, कागद सैलसर ताणून बसवायचा, वाळला की इस्त्रीच्या वेळी वापरतो त्या बाटलीने पाण्याचा फवारा मारायचा. ओला कागद आधी लुळा पडतो, हातातून सगळं गेलं असं वाटतं. मग वाळता वाळता आवळत जातो आणि तासाभरात ढोलकीच्या चामड्यासारखा टणटणीत होतो. हे मी अर्धा तास खुर्ची टाकून बघत बसले होते. दोन गिऱ्हाइकं दारातून परत गेली असतील.

फक्त, कागद आवळतो तेव्हा तो लाकडालाही आवळतो. वाळेपर्यंत पंख पाटावर टाचून ठेवायचा असतो. सकाळी डावा पंख (खरा डावा) कुरडईसारखा पिळलेला. पतंगाच्या तावाने रंग सोडला होता, तो गुलाबी पाण्याचा डाग पिवळ्या शेपटावर. डाग: आहे तसं वापरा. पीळ: दुरुस्ती, आणि इथे माझी वाफेची इस्त्री कामाला आली. वाफेवर पंख धरायचा, उलट्या बाजूला जरा जास्तच पिळायचा, आणि वाफेबाहेर काढून थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. शंभर मोजायचे. सोडला की थोडा परत येतो. पुन्हा वाफ. चार वेळा केल्यावर आला रांगेत.

खोक्यावर विमानाचं वजन तीसेक ग्रॅम असेल असं म्हटलं होतं. माझं स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेचाळीस भरलं. अकरा ग्रॅम म्हणजे काय, तर सगळा डिंक. मी जोडाला डिंक लावत होते तो लाडूला तूप लावल्यासारखा. त्यातून सगळ्यात जास्त डिंक शेपटात. आणि शेपूट तोलाच्या जागेपासून लांब असतं, नाक जवळ. शेपटात एक ग्रॅम जास्त झाला की तोल सावरायला नाकात जवळजवळ तीन ग्रॅम घालावे लागतात. पंखाच्या पुढच्या कडेपासून एक तृतीयांशावर दोन्ही हातांच्या बोटांनी विमान उचललं तर ते पाटासारखं आडवं राहायला हवं. माझं नमस्कार घालत होतं, शेपटाकडून. नाकात मुलांची खेळायची माती भरली. वजन आणखी वाढलं. ही ओळ लिहिताना काका म्हणाले, "दुसऱ्या विमानाला कमी लावशील." दुसरं विमान हा शब्द तेव्हा प्रथम निघाला. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी, सकाळी साडेसहाला, कॉलनीच्या मैदानावर. नाशिकची जानेवारीतली थंडी, वारा अजिबात नाही, कडुनिंबावर तुटलेले दोन पतंग आणि मांजा. काकांनी माकडटोपी घातली होती. आधी पीळ न देता नुसतं हातातून सोडायचं, कमरेएवढ्या उंचीवरून, जमिनीवरच्या एका बिंदूकडे बघत. पहिल्यांदा ते वर चढलं, थबकलं, शेपटावर पडलं. नाकात वाटाण्याएवढी माती. दुसऱ्यांदा तसंच, पण कमी. पुन्हा माती. चौथ्यांदा ते सरळ, शांत, गवताला समांतर गेलं आणि टेकलं. मला वाटलं झालं. काका म्हणाले, आता सुरुवात.

रबराला एरंडेल चोळलं होतं, म्हणजे पीळ देताना रबर रबराला घासून तुटत नाही. काकांनी पंखा धरला, मी मागे उभी राहून रबर ताणलं आणि त्यांच्या जुन्या हात-ड्रिलला आकडा लावून फिरवत, मोजत पुढे आले. वळसे शंभर. विमान सुटलं, डावीकडे वळलं, वळतच गेलं आणि डावा पंख गवतात खुपसून थांबलं. "दोन डाव्यांचं आहे शेवटी," मी म्हटलं. काकांनी मान हलवली. पंखा एका बाजूला फिरतो, अंग उलट्या बाजूला कलतं, कोणाचंही विमान असो. त्यांनी खिशातून आगकाडी काढली, तिचं सालपट काढलं आणि ते नाकाच्या ठोकळ्याच्या डाव्या कडेखाली सरकवली. पंख्याचं तोंड उजवीकडे केसभर वळलं.

पॅरिसच्या तुइलरी बागेत १८७१ साली आल्फोन्स पेनोने रबराच्या पिळावर उडणारं विमान लोकांसमोर सोडलं, ते अकरा सेकंद उडालं होतं. त्यानंतर सात वर्षांनी राइट बंधूंच्या वडिलांनी मुलांसाठी आणलेलं खेळणंही रबरावरच फिरणारं होतं. हे काकांनी आगकाडी सोलता सोलता सांगितलं, आणि घड्याळ हातात घेतलं.

अडीचशे वळसे. ह्या वेळी रबराचा पीळ दुहेरी गाठींचा झाला, अंगातून कुरकुर ऐकू आली. मी हात सोडला. विमान ढकललं नाही, नुसतं हवेत ठेवलं. ते वर गेलं. डावीकडे मोठं वळण घेत, घसरगुंडीवरून, झोपाळ्यावरून, माझ्या डोक्यापेक्षा खूप उंच. उगवत्या उन्हात कागद आरपार दिसला, आतल्या सगळ्या बरगड्या, तिरके जोड, पोटाखालचा नकाशाचा तुकडा आणि त्यावरचा चारचा आकडा. मला बाण दिसला असं मी काकांना सांगितलं, ते म्हणाले, इतक्या लांबून शक्य नाही. मग पंखा थांबला आणि ते आवाज न करता उतरायला लागलं. अकरा सेकंद केव्हाच झाले होते. सतरा झाले. अठराव्याला ते मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीच्या भिंतीला लागलं आणि खाली आलं.

धावत गेले. मला ठाऊक होतं काय मोडलं असणार. पंख हातात घेतला, उजेडात धरला. चीर होती तिथे होती, केसाएवढी, जशीच्या तशी. डिंकाच्या थेंबाने धरून ठेवलं होतं. मोडलं होतं शेपूट. ज्याच्या लाकडात एकही चूक झाली नव्हती, ज्याच्या मोडतोडीची एकही ओळ कागदावर नव्हती, ते मधोमध दोन तुकडे.

काकांनी तुकडे जुळवून बघितले. "तिरका जोड," ते म्हणाले. "पण तू धावत येऊन आधी पंख का बघितलास?"

"सहज."

ते काही बोलले नाहीत. माकडटोपी काढून घडी घातली.

घरी येऊन मी शेपटाची ओळ लिहिली, पंधरावी. मग पेन्सिल घेतली. नऊ आणि दहाच्या मध्ये जागा नव्हती, म्हणून समासात, बारीक अक्षरात नऊ-अ असं लिहून उजव्या पंखाची मुख्य काडी, चीर, असं घातलं. निर्णयाचा रकाना कोरा ठेवला. कागद खाली काकूंच्या ब्लाउजच्या पिशवीत घालून पाठवून दिला.